तोंड दिसलं पाहिजे

नाही सर, चाय नोको. अन् तो व्हिडिओ बी नोको. पोरीनं खोलीवर बसून व्हिडिओ पाहावा म्हणता — त्यात तुमचं तोंड कुठं दिसते? नुसता फळा दिसते अन् तुमचा हात दिसते. परतवाड्याहून पहिल्या गाडीनं आली मी, फुलाचं दुकान जाऊच्या भरवशावर टाकून, ते काय व्हिडिओ न्यायले? एकच मागणं हाये. माह्या खुशीले पहिल्या बाकावर बसवा. बस.

नियम? हाव, मालूम हाये मले तुमच्या क्लासचा नियम. रविवारी पेपर, सोमवारी नंबरानं बाक — हुशार पुढं, बाकीचे भिताडाले. पण जूनमध्ये खुशीचा नंबर अकरावा होता. होता का नाही? काढा तुमचा कागद. मंग तिले ताप आला, एक पेपर बुडाला, तुमी तिले मागं धाडलं. मागं गेली म्हणून समजलं नाही, समजलं नाही म्हणून नंबर गेला, नंबर गेला म्हणून आणखी मागं. आता शेवटच्या बाकावर बसते, पंख्याखाली. अन् तुमी म्हणता पोरगी ढिली पडली! ढिली नाही पडली सर, ढकलली तिले.

आल्याआल्या सांगितलं म्या तुमाले, तिच्या कानाले मशीन हाये. मशीन हाये ना, मंग येतच असन आयकू — असंच म्हणून राहिले ना तुमी? सगळेच म्हणते. अहो, तो काय चष्मा हाये का, डोळ्यावर चढवला अन् झालं? तीन वर्षाची होती तवा आपरेशन केलं तिचं, अर्धी मशीन आत हाये, अर्धी बाहेर कानामागं. आवाज येते — पण कसा येते? पंखा येते, बाक सरकला ते येते, मागच्या पोट्ट्याचा खोकला येते, अन् त्या साऱ्या कालव्यातून तुमचा एक शब्द तिले वेचा लागते. म्हणून ते तोंडाकडं पाहते. नुसतं आयकून अर्धं, नुसतं पाहून अर्धं. पान, बान, मान — म्हणून पाहा बरं, ओठ सारखेच हालते, फरक कान सांगते. अन् जिथं कान फसते तिथं ओठ सांगते. एका हातानं टाळी वाजते का? तुमी फळ्याकडं तोंड करून शिकवता सर, म्हणजे तिचा एक हात बांधूनच ठेवता.

लबाडी? तोंड पाहून समजून घेतलं ते लबाडी काहून? तुमी मघापासून कोणाच्या तोंडाकडं पाहून राहिले?

काय? फॉर्मवर काहून नाही लिहिलं? नाही लिहिलं — काहून लिहावं? तुमच्याआधी ज्या क्लासमध्ये गेलो होतो, त्यायनं मशीन पाहून दारातूनच वापस केलं — ताई, आमच्यानं नाही होणार. पोरगी समोर उभी, अन् तिले सोडून बोलते मले! म्हणून तुमच्याकडं यायच्या दिवशी म्याच तिचे केस कानावरून घेतले, वरतून मोगऱ्याचा गजरा माळला, चांगला जाड. फुलवालीची पोरगी, कोणाले शक येते? इथच्या फुलवाल्याकडं रतीबच लावला, रोज सकाळी गजरा तिच्या खोलीवर. पोरी म्हणे, खुशी, तुही माय किती लाड करते! लाड कायचे... परवा व्हिडिओ कॉलवर तिले खोदून खोदून इचारलं नंबराचं, तवा बोलली. म्हणे, माय, फुलं मशीनीवर घासते, दिवसभर कानात खसखस चालते, सरांचा आवाज दबून जाते. म्या म्हणलं, मंग पुढं बसाले माग ना! तर म्हणे, मागितलं तर मशीन दाखवा लागन, अन् तू तं म्हणते दाखवू नोको.

असं झालं सर. तुमच्या नियमानं मागं गेली ते गेलीच, तुमाले मी सोडत नाही. पण तिचं तोंड म्याच बंद केलं. जन्मभर लोकाइसंग भांडली तिच्यासाठी, अन् शेवटी म्याच झाकली तिले, जशी काही चोरीची चीज.

आणा तो फॉर्म. लिहा मोठ्या अक्षरात, कानाले मशीन हाये म्हणून. मी सही करतो —

अवं बाई. ते काचेच्या पलीकडं... खुशीच ना? कवाची उभी हाये? आवाज बाहेर जाते का सर इथून? नाही जात? पण माह्या तोंडाची सवय हाये तिले, चौदा वर्षापासून. अर्धं तं समजलंच असन. कोणतं अर्धं समजलं, देव जाणे.

गजरा काढला तिनं. पाहा — केस वर बांधून राहिली, सारी मशीन उघडी टाकून. चालली समोरच्या वर्गात. सर... पहिल्या बाकावर बसली.

मंग? उठा, उठवा तिले, नियम हाये ना तुमचा. पण मागून आवाज देऊ नोका. तिच्यासमोर उभे राहा, तोंड दिसू द्या तुमचं, अन् सांगा, ऊठ म्हणून. जा ना. मी बसतो इथं.