गाठींतला रस

— नाय, नाय, कुसाबाय, त्या पोरगेल्या डाक्टराचं नाव माझ्यापुढं काढू नको! सायखेड्याहून गाय चालवत आणलीस ना सावळीरामकडं? मग बस गुमान. तीन पिढ्या गुरांना औषध देतोय आम्ही — अन् तो? मुंबईत शिकला, सायकलीवर फिरतो, अन् गाय माजावर येत नाय म्हणलं की आधी पापणी उलटून बघतो! डोळ्यात माज असतो व्हय? म्हणे पापणी पांढरी, अंगात रगत नाय. नदीकाठच्या डबक्यातलं गवत खाल्लं की पानासारखे चपटे किडे पोटात जातात, ते कलिजात बसून रगत पितात. बरं, पितात — पण माजाचं काय? तर म्हणे अंगात गाठी असतात, त्यांच्यातून रस सुटतो, त्या रसानं माज येतो. रगत आटलं की अंग आधी जीव जगवतं, वासराचं मागून बघतं — अन् त्या गाठी झोपी जातात! गाठी झोपतात, ऐकलंस? मग किड्याचं औषध, रगत भरायला गुळातून हिराकस, हिरवा चारा — अन् दोन-तीन महिने थांबा. रगत आधी भरंल, रस मागून सुटंल. थांबायला डाक्टर कशाला लागतो गं?

हां, शेजारच्या रोशनबीची म्हैस त्याच्या औषधानं फळली, गाभण राह्यली. फळली — मी कुठं नाय म्हणतो? कावळा बसायला अन् फांदी मोडायला! तशीच म्हैस माझ्या बहिणीची, नवसाबाईची. पार वाळलेली. तीनदा डाग दिले मी, तापल्या सळईचे — नाय आली माजावर. वांझ झाली, म्हणलं, खाटकाला दे. बहीण लय रडली, तिची लेकरं त्याच म्हशीच्या दुधावर वाढलेली. मीच नेली हबीबकडं. अन् हबीबनं कलिजा चिरला तर — पानं. जित्ती, वळवळती. रगत कसलं, गुलाबी पाणी निस्तं. हबीब माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. म्हणलं, कुठं बोलू नको बाबा...

बहिणीला? तिला कशाला सांगू? ती तर अजून चार बायांत माझीच बाजू घेती — आमच्या दादाला गुरातलं कळतं, म्हणती.

काय बघतीस अशी? डाग? नाय देत डाग. ऊठ. दवाखाना दुपारी बंद व्हतो, गाय सोड अन् नीघ. अन् हे बघ — सावळीरामनं धाडलं म्हणून सांगशील तर याद राख. ऊठ म्हणतो ना!