भुरं जावळ
सकाळी बरोबर साडेआठला न्हावी माझ्या बाळाचं जावळ काढायला बसला, तिथूनच सुरू झालं बघा. बाळ माझ्या भावाच्या मांडीवर होतं. मक्याच्या कणसावर असतात तसे भुरे केस खाली पडले, अन् सासूबाई सगळ्यांपुढं म्हणाल्या, “आमच्यात समदे काळ्या केसांचे. हे कुठनं आणलीस गं?”



म्हातारा न्हावी वस्तरा पुसत सासऱ्यांना म्हणाला, “अप्पा, तुमचं जावळ माझ्या बापानं काढलं, तवा पाण्याची वाटी मी धरलो होतो. असंच भुरं होतं की!”

सासरे सासूबाईंकडं वळले. “तिला कामून इचारायलीस? मला इचार.”

माझ्या नवऱ्याला वगळून ते भुरेपण नातवात कसं उतरलं, मला अजून उमगलं नाही. पण कोण्या सुनेला असे बोल लागले, तर तिला एवढं सांगा: आधी म्हाताऱ्या न्हाव्याला विचार.