येरेव्हानचं तिकीट

युट्रेख्ट स्टेशनवर हिमानी विमानतळाच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक आर्मेनियन आजोबा आणि त्यांची नात दबक्या आवाजात डचमध्ये भांडत होते. हिमानीला सगळं कळत होतं.

"आजोबा, येरेव्हानला उतरलात की तिथेच अटक होईल."

"होऊ दे. दोनदा तुरुंगात गेलो, मगच मंत्री झालो."

"तेव्हा चाळिशीत होतात! आता तुमचा पक्षसुद्धा उरला नाही."

"पोरं उरलीत. माझं भाषण ऐकून चौकात उतरलेली अकरा पोरं उद्या कोर्टात उभी राहणार. आणि मी इथे बसू?"

"पासपोर्ट मी देणार नाही."

"दे बाळा. गाडी येईल."

"आधी आईला सांगा. हजारो लोकांपुढे बोललात ना? मग स्वतःच्या मुलीशी बोला."

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. आजोबांनी तो कानाला धरला. हिमानीच्या हातातली कॉफी तशीच राहिली. शेवटी ते आर्मेनियनमध्ये दोनच शब्द बोलले आणि ऐकत राहिले.

"काय म्हणालात?" नातीने विचारलं.

"घरी निघालोय म्हटलं."

"रडतेय?"

"नाही. जाड स्वेटर घेतला का, विचारतेय."

नातीने पासपोर्ट त्यांच्या कोटाच्या खिशात सरकवला.