पिवळा झेंडा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"ओठ हलतायत तुमचे. आतले लोक तक्ता वाचतात, तो ऐकून पाठ करताय ना?"

"हळू बोल. नजरेचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर गाड्यांच्या शर्यतीचं पंचपद गेलं."

"मग डॉक्टरांना सरळ सांगा ना, दिसत नाही म्हणून."

"ते वाक्य नको. बारा वर्षं शर्यतीतल्या पोरांच्या तोंडून ऐकतोय. पुढे अपघात झाला की पिवळा झेंडा हलतो, गाडी हळू करायची असते. हे सुसाट जातात आणि माझ्यासमोर येऊन म्हणतात, साहेब, झेंडा दिसलाच नाही."

"मग सोडता?"

"एकालाही नाही."

"तुम्ही गाडी चालवायचात तेव्हा तुम्हीही हेच म्हणाला होतात. तुमच्या गाडीखाली त्या झेंडेवाल्याचा पाय गेला तेव्हा."

"पंचांना पटलं."

"मलाही पटलं."

"दिसला होता मला."

"काय?"

"झेंडा. पहिला नंबर हातातून चालला होता गं."

"अहो, तीस वर्षं मी त्याच्या बायकोला सांगत आले. यांना दिसलाच नव्हता हो, म्हणून."

"माहीत आहे."

डॉक्टरांनी हाक मारली. "आजोबा, या आत. उजवा डोळा झाका. वरची ओळ वाचा."

आजोबांनी डोळा झाकला.

"वाचा की."

"नाही दिसत, डॉक्टर."

"एवढी मोठी अक्षरं?"

"नाही दिसत."

बाई जागेवरूनच म्हणाल्या, "डॉक्टर, पुन्हा एकदा तपासा. यांना दिसत असतं, तरी नाही म्हणतात."