पालखेडचं पाणी

बसा, मंडळी, बसा. पुढं सरकून बसा. देव कुणाला चावत नाही!

आज एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारी घरची माणसं बसलीत. प्रश्न असा — टीव्हीवर कुणी परका पदक जिंकला की आपल्या डोळ्यांत पाणी येतं. येतं ना? पण ज्याला आपणच बोट धरून चालायला शिकवलं, तो आपल्या दोन पावलं पुढं गेला — की मग आपल्याच पोटात का दुखतं?

हसू नका! सहा शत्रू सांगितलेत शास्त्रानं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद — हे पाच जण दाणदाण पाय आपटत येतात. गल्लीला कळतं! सहावा मत्सर. तो येतो कधी, बसतो कुठं, घरच्यांनाही पत्ता नाही. तो माझ्यातही आहे बरं. आत्ता नमन झालं, आमच्या आगाशांनी पेटीवर अशी एक जागा घेतली, की तुम्ही टाळ्या कुणाला वाजवल्या? त्यांना! आणि मी इथं पगडी सांभाळत उभा! असो. आगाशे, सूर धरा, पण बेतानं.

तर ऐका. कराड गाव. कृष्णा आणि कोयना, दोन नद्यांचं पाणी. त्या गावात एक माणूस वर्षभर तहानलेला राहिला, त्याची ही कथा.

त्यांचं नाव भालचंद्र कुलथे. चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. सगळं गाव त्यांना कुलथे सर म्हणतं. सरांना एक नाद. बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवायचे! शून्य नंबरचा ब्रश, डोळ्याला भिंग, आणि त्या शिपायाच्या पागोट्याचा एकेक पीळ रंगवायचा. नुसते रंगवून कपाटात ठेवायचे नाहीत हं. मोठ्या टेबलावर डोंगर, ओढे, झाडं मांडायची, दोन्ही बाजूंच्या फौजा उभ्या करायच्या, फासे टाकायचे, मोजपट्टी लावायची — घोडदळ एवढे इंच, पायदळ तेवढे इंच — आणि इतिहासातली लढाई पुन्हा खेळायची! तुम्ही म्हणाल, बुवा, म्हातारपणी हा काय पोरखेळ? अहो, तुम्ही पत्ते कुटता तेव्हा विचारलं का मी?

चौदा वर्षांपूर्वी सरांनी या नादाचं मंडळ काढलं. माणसं नऊ. दरवर्षी दिवाळीनंतर स्पर्धा. आणि स्पर्धेत लढाई कुठली खेळायची, तो विषय ठरायचा दसऱ्याला. काय सुंदर रीत होती! पाटावर शिपाई मांडायचे, काडीनं प्रत्येकाला कुंकू लावायचं, शस्त्रपूजा करायची. मग ज्यांना विषय सुचवायचा त्यांनी नमुन्याचं एकेक तबक मांडायचं, पुढं तांब्याचं ताट ठेवायचं. प्रत्येकानं आपट्याचं एक पान घ्यायचं, आवडेल त्या विषयाच्या ताटात ठेवायचं. नियम एकच — विषय मांडणाऱ्यानं स्वतःच्या ताटात पान ठेवायचं नाही. सोनं आपण दुसऱ्याला देतो ना? तसंच! आणि पानं सारखी झाली, तर थोरल्याचा विषय.

थोरले कोण? कुलथे सर! विषय कुणाचा ठरायचा? सरांचा! तेरा वर्षं दुसरं ताट मांडलंच नव्हतं कुणी. मग काय, नियम पाळायला लागतो कुठं?

आणि मग आली हेमा.

हेमलता तांबट. सरांची शाळेतली विद्यार्थिनी, पुण्याला शिकून दातांची डॉक्टर होऊन आलेली. मंडळात आली ती सरांच्या पाया पडून. म्हणाली, "सर, तुमच्यामुळंच मला नाद लागला." सर फुलून गेले. स्वतःचा जुना ब्रश दिला तिला!

पण पोरीच्या हातात जादू. दाताचा साचा घेतात ना, ते पांढरं प्लास्टर — त्याचे ती डोंगर करायची. दात कोरायच्या सुईनं कातळाच्या भेगा काढायची. मागल्या वर्षीच्या स्पर्धेला बाहेरगावचे पाहुणे आले. सगळे तिच्या डोंगराभोवती गोळा! सर आपला हत्ती घेऊन उभे. चार महिने रंगवलेला हत्ती, झुलीवर नक्षी! आणि एक पाहुणा वळून म्हणाला, "काका, जरा तुमचा हत्ती सरकवा, डोंगराचा फोटो घ्यायचाय."

मंडळी, तेवढंच वाक्य. शिवी नाही, अपमान नाही. सरांनी हत्ती सरकवला. पण आत जे काही सरकलं, ते वर्षभर जागेवर आलं नाही.

घरी आले, जेवले नाहीत. हेमानं दुसऱ्या दिवशी जिलबी पाठवली. पत्नी कुमुदताई म्हणाल्या, "अहो, पोरीनं आठवणीनं पाठवलीय."

"माझा उपास आहे."

"कसला उपास? सकाळी दोनदा पोहे कुणी घेतले?"

"आत्ता धरला!"

तिच्या दवाखान्यावरून जायचं टाळून सर लांबच्या रस्त्यानं भाजी आणू लागले. दाढ ठणकायला लागली, तर लवंग धरून बसले, पण तिच्याकडं गेले नाहीत! ती घरी आली, की हे न्हाणीघरात. एकदा तिच्या घरासमोर उन्हानं भोवळ आली, ती तांब्या घेऊन धावली, तर म्हणाले, "नको, मी आत्ताच पाणी प्यालो." घसा कोरडा ठाक! पण तिच्या हातचं पाणी नको. बघा, मत्सर केवढं मोठं व्रत करवून घेतो. एकादशी आपल्याला जड जाते!

दसरा जवळ आला. बातमी आली — यंदा हेमासुद्धा विषय मांडणार! सरांचा विषय पानिपत, फौज कपाटात तयार. आणि हेमाचा? पालखेड!

पालखेडची गंमत ठाऊक आहे ना? थोरल्या बाजीरावांनी निजामाला असा पळवला, असा पळवला, की त्याच्या जड तोफा मागं राहिल्या, आणि फौज सापडली बिनपाण्याच्या मुलखात. पाण्याच्या वाटा बंद! मोठी लढाई न होताच निजाम तहाला आला.

सर मंडळातल्या एकेकाच्या घरी जाऊन सांगू लागले, "ज्यात लढाई नाही ती कसली लढाई? तोफ नाही, हत्ती नाही. टेबलावर काय विहिरी मोजायच्या?" वर मान हलवून, "पोर हुशार आहे हं. पण अजून कच्ची आहे." हे 'पण' फार वाईट, मंडळी. स्तुतीच्या ताटात वाढलेला खडा!

मग सरांच्या ध्यानात आलं. ताटं दोनच असली, तर नियमानं आपलं पान ठेवावं लागणार कुणाच्या ताटात? हेमाच्या! ते कसं सहन व्हायचं? सर तडक गेले मंडळातल्याच निवृत्त पोस्टमास्तर ढवळीकरांकडं. साधा माणूस.

"ढवळीकर, यंदा तुम्ही विषय मांडा."

"मी? मला काय सुचतंय?"

"खर्डा मांडा, खर्डा!"

"मिरचीचा?"

"लढाई हो! खर्ड्याची लढाई! तबक मी देतो, शिपाई मी देतो. तुम्ही फक्त ताट मांडा."

कळलं ना कशासाठी? तिसरं ताट असलं, की आपलं पान तिकडं टाकायला मोकळे! नियमही पाळला, आणि पोरीला पानही दिलं नाही. अहो, एवढी अक्कल परमार्थात लावली असती, तर हा माणूस कुठल्या कुठं गेला असता!

दसरा उजाडला. पूजा झाली. तीन तबकं, तीन ताटं. हेमानं पहिलं पान उचललं, सरळ सरांच्या ताटात ठेवलं, आणि पाया पडायला वाकली. सरांनी पाय मागं घेतले. "असू दे, असू दे."

पानं पडू लागली. पानिपत — चार! पालखेड — चार! खर्ड्याच्या ताटात नुसती पूजेची सुपारी. ढवळीकरांनीसुद्धा आपलं पान पालखेडला दिलं! म्हणाले, "त्या विहिरीवरून नजरच हटेना हो."

आता एकच पान उरलं. सरांचं! एवढ्या दिवसांचा डाव हातात आला. खर्ड्याला टाकलं, की चार-चार. सारखी झाली, की थोरल्याचा विषय. जिंकलेच! उजव्या हातात पान — दसऱ्याचं सोनं उजव्या हातानं द्यायचं — आणि सर ताटांकडं निघाले.

टाकायचं ना पान? टाकायचं आणि मोकळं व्हायचं! पण नाही. मत्सराला नुसतं जिंकून चालत नाही. समोरचा हरलेला दिसावा लागतो, चारचौघांत! सरांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हेमाच्या तबकावर वाकले. एक चूक सापडावी, देवा, एक तरी!

काय केलं होतं पोरीनं! भेगाळलेली जमीन. मधोमध विहीर. पखालीचा बैल. शत्रूचा एक शिपाई तहानेनं भुईवर पडलेला, आणि त्याच्याजवळ आपला एक म्हातारा शिपाई, पांढऱ्या मिशांचा, हातात मुगाएवढा तांब्या, वाकून त्या शत्रूला पाणी पाजतोय. सर क्षणभर बघतच राहिले. मनात आलं, हे मला सुचलं नसतं. आणि त्याबरोबर आतली आग दुप्पट झाली!

आणि सापडली चूक! सापडली!

"थांबा!" सर ओरडले. "सगळ्यांनी बघा! या शिपायाची तलवार उजव्या कुशीला लटकवलीय! माणूस उजव्या हातानं तलवार उपसतो, म्हणून ती डाव्या कुशीला असते. हे शेंबड्या पोराला कळतं! हिला इतिहास मांडायचाय!"

हेमानं मान खाली घातली. हळूच म्हणाली, "सर, तो डावखुरा आहे."

"डावखुरा? फौजेत डावखुरा कुठून आणलास?"

"चौथीच्या वर्गातून, सर."

मंडळी, आगाशांची पेटीसुद्धा थांबली बघा!

हेमा म्हणाली, "मी डाव्या हातानं लिहायचे. बाईंनी रिबिनीनं माझा हात बाकाला बांधला होता. मी रडून रडून दमले होते. तुमचा चित्रकलेचा तास आला. तुम्ही रिबीन सोडलीत, तुमच्या बाटलीतलं पाणी मला पाजलंत, आणि फळ्यावर घोडा काढलात. डाव्या हातानं. म्हणालात, रेघ सरळ आली की झालं, हात कुठला का असेना." मग म्हणाली, "सर, तुम्ही आत्तासुद्धा चूक दाखवताय ते बोट बघा."

सरांनी बघितलं. शिपायाकडं रोखलेलं बोट — डाव्या हाताचं! जन्माचा डावखुरा माणूस, आणि डावखुऱ्याची तलवार ओळखता आली नाही! शिपाई म्हणजे तो स्वतःच. मिशा त्याच्या, हात त्याचा, तांब्या त्याचा. या पोरीनं त्याला शत्रूला पाणी देणारा म्हणून मांडलं होतं. आणि तो? तिच्या हातचं घोटभर पाणी वर्षभर नाकारत होता!

एक साकी म्हणतो. माझीच आहे, मोडकी आहे, गोड मानून घ्या —

आडावरती उभा तहानला, हाती घागर रिती,
पाणी मागता जीभ जड झाली, ऐसी मत्सररीती!

सरांना लाज वाटली. भयंकर लाज वाटली. मत्सर गेला का लगेच? छे! तो भाडेकरू आहे, एका नोटिशीत खोली सोडत नाही. अजूनही आतून कुणीतरी म्हणत होतं, खर्ड्याच्या ताटात टाक, टाक, जिंकशील! सर तसेच उभे. मग उजव्या हातातलं पान त्यांनी डाव्या हातात घेतलं. आणि पालखेडच्या ताटात ठेवलं.

दसऱ्याचं सोनं डाव्या हातानं!

पाच पानं झाली. विषय ठरला. सर खाली बसले. मग मास्तरी आवाज काढून म्हणाले, "मिशा जरा जास्तच पांढऱ्या केल्यास." आणि मग आवाज फुटला. "हेमा, बाळ... घसा सुकलाय गं. पाणी दे."

ती धावत गेली. सरांनी तांब्या डाव्या हातानं तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. घटाघटा, मिशांवरून सांडत, सगळा! वर्षभराची तहान ती! कुमुदताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, जिलबी असली तर आण. आज यांचा उपास सुटलाय."

तुम्ही म्हणाल, बुवा, पुढं स्पर्धा कुणी जिंकली? मला ठाऊक नाही! मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

विचारायचं ते स्वतःला विचारा. पालखेडला निजामाचं पाणी दुसऱ्यानं तोडलं होतं. सरांचं पाणी कुणी तोडलं? सरांनीच! आणि तुमचं? ओ, खांबाला टेकलेले काका, तुम्हालाही विचारतोय! कुठल्या पुतण्याच्या घरी 'आत्ताच झाला' म्हणून चहा टाळता? कुठल्या धाकट्या जावेची पुरणपोळी तुम्हाला कच्ची लागते? कुणाच्या दारावरून जायचं नको म्हणून लांबची वाट धरता? मान खाली घालू नका. उद्या सकाळी उठा, त्याच दाराशी जा, कडी वाजवा. भाषण करू नका, माफी मागायला जमत नसेल तर तेही राहू द्या. एवढंच म्हणा — तहान लागलीय, पाणी द्या.

देव तिथंच उभा असतो, तांब्या घेऊन. आता आरती लावा.

आणि आगाशे... आज पेटी फार सुरेख वाजवलीत. अगदी मनापासून सांगतो. बोलून बोलून माझाही घसा सुकला. तो तुमच्याजवळचा तांब्या इकडं द्या. तुमच्याच हातानं द्या.