डाव्या दरवाज्याचा पोचा

अलिबागहून सुटलेल्या एसटीत विनिताचा डोळा लागत होता, पण मागच्या सीटवरचं म्हातारं जोडपं तिला झोपू देईना. बाईच्या मांडीवर जुन्या जीपचा आरसा होता.

"जयमाला, नीट धर. एवढा आरसा बसवला की जीप तयार."

"आन् डाव्या दरवाज्याचा पोचा? दोन वर्सं अंगणात खपून सगळी जीप नवी केलीत, तेवढाच ठेवलात."

"तू पोफळीवर घातलीस तेव्हाचा हाय तो. ऱ्हाऊ दे."

"शिकत होते मी! त्यानंतर तीस वर्सं स्टेअरिंगला हात लावू दिला न्हाय."

"न्हाय दिला."

"आन् आता जीपची ड्रायव्हरची सीट एवढी पुढं का घेतलीत? गुडघे अडकतील तुमचे."

"माझे कशाला अडकतील? मी तुझ्या बाजूला बसणार हाय."