आईशेजारची खुर्ची

भंडाऱ्यातलं मोठं टॉकीज पाडलं, तेव्हापासून आमच्या घरात सुतक चालू आहे. बाबांचं रोजचं एकच, "आपलं अख्खं एकोडी गाव मावत होतं त्यात!" शेवटी वैतागून मी आई-बाबांना नव्या छोट्या थिएटरात नेलं. आत मोजक्याच खुर्च्या.

"हे टॉकीज होय का? आपला गोठा याच्याहून मोठा हाय," बाबा म्हणाले, आणि आईला माझ्याजवळ सोडून सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसले.

मी भडकले. "बाबा, तुमची खुर्ची इथं आहे, आईजवळ!"

"बायकायच्या रांगेत मी कायले बसू?"

जुन्या टॉकीजात बायकांची बाजू वेगळी असायची. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आईच हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या त्या टॉकीजात मी सारे पिक्चर बायकायमंदी बसून पाहिले जी. रडाचा सीन आला का मले वाटे, तिकडे तुम्ही बी रडून राहिले असान का?"

बाबा उठून आईशेजारी येऊन बसले.

पिक्चरमध्ये रडायचा प्रसंग आला, तेव्हा मी आईकडे वळून पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. बाबांकडे बघत होती.